वनस्पतिचित्र : झाडावरून की पुस्तकावरून?

जून महिन्यात पहिला पाऊस पडला की कल्याण, शहाड, टिटवाळा या भागातल्या बाजारांत शेवळे दिसू लागतात. मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बाया त्यांच्या जुड्या बांधून आणतात. शेजारीच काकडाची आंबट हिरवी फळे ठेवलेली असतात, कारण काकडाशिवाय शेवळे शिजवली तर घशाला खाज सुटते. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते, हे विज्ञानशिक्षकांना सांगायला नको. शेवळ म्हणजे सुरणाच्या एका रानटी भाऊबंदाचा फुलोरा. आता प्रश्न असा, की या शेवळाचे पान कसे असते?

वर्षानुवर्षे शेवळे खाणाऱ्या अनेकांना याचे उत्तर देता येत नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही. शेवळ जमिनीतून वर येते तेव्हा पानाचा पत्ताच नसतो. फुलोरा संपत आल्यावर त्याच कंदातून एकच मोठे, छत्रीसारखे, अनेक भागांत विभागलेले पान वर येते. फुलोरा आणि पूर्ण उघडलेले पान एका झाडावर एका वेळी सहसा भेटत नाहीत. तुम्ही उत्तम कॅमेरा घेऊन गेलात तरी एका दिवसाच्या छायाचित्रात ही वनस्पती पूर्ण मावणार नाही.

चित्रकार मात्र हे करू शकतो. तो जूनमध्ये एकदा जाईल, जुलैत पुन्हा जाईल, फळांचे कणीस धरल्यावर तिसऱ्यांदा जाईल, एखादा कंद उकरून पाहील, फुलोरा उभा कापून आतली मांडणी बघेल आणि हे सगळे एका कागदावर मांडील. असे दृश्य रानात कधीच दिसलेले नसते. तरीही हे चित्र त्या वनस्पतीबद्दल छायाचित्रापेक्षा जास्त खरे सांगते. काटेसावर आणि पळस यांचेही असेच आहे. फुलांच्या दिवसांत झाड निष्पर्ण असते आणि पाने येतात तोवर फुले गळून गेलेली असतात. शास्त्रीय वनस्पतिचित्र एका झाडाचे किंवा एका क्षणाचे नसते, ते एका जातीचे असते. जाती हा शब्द येथे आणि पुढेही वनस्पतिशास्त्रातल्या अर्थाने वापरला आहे. अनेक जाती मिळून एक प्रजाती होते.

अशा चित्रापुढची अडचण फार जुनी आहे. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ती नोंदवून ठेवली आहे. काही ग्रीक लेखकांनी वनस्पतींची रंगीत चित्रे काढून खाली त्यांचे गुण लिहिण्याची पद्धत सुरू केली होती. प्लिनीच्या मते त्यात दोन धोके होते. एकतर झाड ऋतूंप्रमाणे बदलते, तेव्हा एकाच अवस्थेचे चित्र पुरत नाही. दुसरे म्हणजे चित्रांच्या नकला होत जातात आणि प्रत्येक नक्कल करणारा थोडी थोडी चूक करतो. पहिल्या अडचणीवर चित्रकारांनी उपाय शोधला, तो आपण वर पाहिला. दुसरी अडचण मात्र पुढची दोन हजार वर्षे टिकली, आणि माझ्या मते ती आपल्या शाळांच्या वह्यांत आजही आहे.

नक्कल कशी बिघडत जाते याचा पुरावा युरोपातल्या हस्तलिखितांत भरपूर मिळतो. डायॉस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथाची इसवी सन ५१२च्या सुमारास तयार झालेली एक सचित्र प्रत आज व्हिएन्नात आहे. तिच्यातली बरीच चित्रे इतकी चांगली आहेत की वनस्पती ओळखता येते. त्यानंतर शेकडो वर्षे अशा चित्रांवरून चित्रे काढली गेली. केसाळ पान गुळगुळीत झाले, पानांची संख्या सोयीप्रमाणे बदलली, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून फांद्या सरळ केल्या गेल्या. मूळ झाड कोणते हे सांगणे शेवटी अशक्य झाले. ज्या पुस्तकावरून औषध ओळखायचे त्यातले चित्र असे होणे ही गंभीर गोष्ट होती.

हा प्रवाह उलटला तो १५३० साली. ओटो ब्रुन्फेल्स याच्या ग्रंथासाठी हान्स वाइडिट्झ या चित्रकाराने समोर रोप ठेवून चित्रे काढली. काही चित्रांत पाने कोमेजलेली आहेत, काहींना किडीने खाल्लेली भोके आहेत. म्हणजे तो प्रत्यक्ष पाहत होता! यात थोडी गंमतही आहे. किडीचे भोक हा त्या एका रोपाचा अपघात, जातीचा गुण नव्हे. बारा वर्षांनी, १५४२ साली, लेओनहार्ट फुक्स याने आपल्या ग्रंथात असे अपघात काढून टाकायला लावले आणि जातीचे सर्वसाधारण रूप दाखवले. त्याने आणखी एक गोष्ट केली. दोन चित्रकार आणि लाकडी ठसे कोरणारा एक कारागीर, अशा तिघांची नावे आणि त्यांची चित्रे त्याने ग्रंथाच्या शेवटी छापली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. फुक्सच्या ग्रंथानंतर एकवीस वर्षांनी, १५६३ साली, गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ छापला गेला. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांविषयीचे हे संवाद आहेत. ओर्ता गोव्यात सुमारे तीस वर्षे राहिला, अहमदनगरच्या निजामशाहाच्या दरबारात त्याचे जाणे-येणे होते आणि मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. वैद्य, हकीम, व्यापारी अशा सर्वांना विचारून त्याने माहिती जमवली. पण या ग्रंथात वनस्पतींची चित्रे नाहीत. ज्यांनी फणस किंवा विड्याचे पान कधी पाहिले नाही अशा युरोपीय वाचकांना केवळ शब्दांवर भागवावे लागले. क्रिस्टोव्हाओ दा कोस्ता याने १५७८ साली स्पेनमध्ये याच विषयावर सचित्र ग्रंथ काढला, तो ही उणीव भरून काढण्यासाठीच.

खरी मोठी झेप घेतली गेली ती गोव्याच्या दक्षिणेला, कोचीनमध्ये. डच ईस्ट इंडिया कंपनीचा तिथला प्रमुख हेंड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा जो ग्रंथ करवून घेतला त्याचे नाव 'हॉर्टस मलबारिकस', म्हणजे मलबारचा बगीचा. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड निघाले. त्यात सुमारे ७४० वनस्पती आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली सुमारे ७९० चित्रे आहेत. रीड स्वतः हा शेवटचा खंड पाहायला उरला नाही. १६९१ साली मुंबईजवळ समुद्रात जहाजावरच तो वारला आणि त्याला सुरतेला पुरले.

या ग्रंथाशी आपला संबंध जवळचा आहे. रीडला वनस्पतींची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे मलयाळी वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांचे पूर्वज गोव्याहून कोचीनला जाऊन स्थायिक झालेले. या तिघांनी आपण काय काम केले याचे एक निवेदन कोकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिले. त्यावर १६७५ सालची तारीख आहे आणि पहिल्या खंडात ते जसेच्या तसे कोरून छापले आहे. युरोपात छापलेल्या पुस्तकात नागरी अक्षरे दिसण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. अनेक चित्रांवरही रोमन, मलयाळी आणि अरबी लिपींबरोबर नागरी लिपीत वनस्पतीचे नाव कोरलेले आहे. आपल्यापैकी कोणीही ते आज वाचू शकतो.

कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. वैद्य झाडाचे नाव आणि ते केव्हा फुलते हे सांगत. माणसे रानात पाठवून पाने, फुले, फळे असलेल्या ताज्या फांद्या आणवल्या जात. तीन-चार चित्रकार एका ठिकाणी बसून समोरच्या फांदीवरून चित्र काढत. माहिती मलयाळममधून पोर्तुगीजमध्ये आणि तिथून लॅटिनमध्ये जाई. इतक्या भाषांतरांत शब्द घसरणे स्वाभाविक होते. चित्र मात्र कोणत्याही भाषेतून जात नव्हते. मला वाटते या ग्रंथाचे टिकाऊपण यातच आहे. काही जुनी वर्णने आज अपुरी वाटतात, पण चित्रावरून बहुतेक वनस्पती ओळखता येतात. याआधी माथेउस नावाच्या एका ख्रिस्ती धर्मगुरूने काढलेली रेखाटने रीडपुढे होती, पण ती या कामाला पुरेशी नव्हती. म्हणून पुढे गोटकिंट, स्प्लिंटर अशा चित्रकारांकडून नव्याने चित्रे काढवून घेण्यात आली. त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, हेही विशेष.

लिनियसने अठराव्या शतकात वनस्पतींना नावे दिली तेव्हा मलबारच्या अनेक झाडांचे नमुने त्याच्यासमोर नव्हते, होते ते रीडच्या ग्रंथातले चित्र. सर्वांत भरवशाच्या मोजक्या ग्रंथांत त्याने या ग्रंथाची गणना केली. त्याच्या कित्येक नावांचा प्रमाण आधार म्हणून आजही ही चित्रेच धरली जातात. वेलदोड्याच्या प्रजातीचे 'एलेटारिया' हे शास्त्रीय नावदेखील या ग्रंथात नोंदलेल्या मलयाळी नावावरून आले. इतिहासाच्या शिक्षकांनाही येथे काही मिळेल. काजू, पपई आणि पेरू ही अमेरिकेतून आलेली झाडे या ग्रंथात चित्रांसह आहेत. म्हणजे १६७०च्या दशकात ती मलबारात चांगली रुजली होती, याला लेखी नव्हे तर चित्राचा पुरावा आहे.

तांब्याच्या पत्र्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पत्र्यावर कोरलेले चित्र कागदावर छापले की डावे-उजवे उलटते. कोरणाऱ्याने काळजी घेतली नाही तर छापील चित्र मुळाची आरशातली प्रतिमा होते. रेम्ब्रांटसारख्या थोर चित्रकाराने १६५० साली एका शंखाचे चित्र कोरले. सही छापल्यावर सुलटी दिसेल अशा बेताने त्याने ती उलटी कोरली, पण शंख उलटा कोरायचे राहून गेले. त्यामुळे छापील शंखाचा पेच निसर्गातल्यापेक्षा उलट दिशेने जातो. पान किंवा पाकळी उलटली तर फारसे बिघडत नाही, वेल उलटला तर मात्र बिघडते. आपल्याकडचे कोनफळ आणि कडू कारंदा हे एकाच प्रजातीतले वेल. कोनफळाचा वेल आधाराभोवती ज्या दिशेने वेढे घेतो, त्याच्या विरुद्ध दिशेने कारंद्याचा घेतो. हा त्यांच्या ओळखीचा पक्का गुण आहे. चित्र उलटले की ओळख चुकलीच. पावसाळ्यात दोन्ही वेल शेजारी मिळाले तर मुलांना दाखवावेत. एकदा पाहिले की ते विसरत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात काय झाले ते आता पाहू. १८२८ साली, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. इंग्रजी कागदपत्रांत त्याला 'दापुरी' म्हटले आहे. १८३८ पासून त्याची देखरेख डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टराकडे होती. गिब्सन १८४७ साली इलाख्याचे पहिले जंगल संरक्षक झाले. कोकणातली जंगले तुटत आहेत, त्यामुळे झरे आटत आहेत आणि खाड्या गाळाने भरत आहेत, असे सरकारला १८४०च्या दशकात बजावणाऱ्यांत ते होते. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्याला हे वाचताना जुने वाटत नाही.

गिब्सन यांनी १८४७ ते १८५०च्या सुमारास एका चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० जलरंगचित्रे करवून घेतली. ही चित्रे पुढे एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानाच्या संग्रहात गेली. तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी त्यांचा अभ्यास करून २००२ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ती जगापुढे आली. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय समाजातला होता, एवढेच कळते. त्याचे नाव मिळत नाही. गिब्सन कोठे जन्मले, कधी कोणत्या हुद्द्यावर गेले हे सगळे नोंदलेले आहे. ज्याने महिनोन् महिने पाकळ्या मोजल्या, पानाच्या शिरा मोजल्या, त्याच्या नावाची एक ओळ कोणी लिहून ठेवली नाही. फुक्सने तीनशे वर्षांपूर्वी केले ते येथे झाले नाही.

तसे पाहिले तर दुसरीकडे चांगली उदाहरणेही होती. त्याच काळात मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट हे डॉक्टर काम करत होते. १८३८ ते १८५३ या काळात त्यांनी वनस्पतिचित्रांचे सहा खंड काढले, त्यांत २,१०१ चित्रे आहेत. ही चित्रे शिळाछापाची, म्हणजे आपल्याकडे पोथ्या छापत त्याच पद्धतीची. वाइट यांचे रंगय्या आणि गोविंदू हे दोन चित्रकार नावानिशी माहीत आहेत. १८५३ साली वाइट यांनी एका ऑर्किडच्या प्रजातीला 'गोविंदूइया' असे नाव दिले. आज ते नाव वापरात नाही, ती वनस्पती दुसऱ्या प्रजातीत घातली आहे. पण चित्रकाराच्या नावाने प्रजाती, हा मान दुर्मिळ आहे. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांनीही त्याआधी आपल्या पदरच्या चित्रकारांकडून प्राण्यांची आणि वनस्पतींची चित्रे करवून घेतली होती. दक्षिणेत अशा कामाला हात तयार होते, आणि ते काम छापण्याची इच्छा असलेला माणूसही मिळाला.

मुंबई इलाख्यात नेमके हेच झाले नाही. जॉन ग्रॅहम यांची मुंबईच्या वनस्पतींची यादी १८३९ साली निघाली, तिच्यात चित्रे नाहीत. गिब्सन आणि डाल्झेल यांचा 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ साली निघाला, त्यातही चित्रे नाहीत. थिओडोर कुक यांचा इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, तोही चित्रांवाचून. ही तिन्ही कामे मोलाची आहेत. कुक यांचा ग्रंथ मी स्वतः अजून वापरतो. पण सह्याद्रीतले झाड शब्दांवरून ओळखायचे तर ते शब्द आधी शिकावे लागतात. गावातल्या वैद्याला किंवा शाळामास्तराला ते दार बंदच राहिले. गिब्सन यांच्याच बागेत केलेली चित्रे एडिंबरोत आणि गिब्सन यांचेच पुस्तक मुंबईत बिनचित्रांचे, अशी ही विभागणी झाली.

याचा परिणाम कुठे दिसतो ते पाहण्यासाठी ठाण्याला यावे लागेल. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९–१९१७) हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. ते ठाण्याला सिव्हिल सर्जन होते. मराठी साहित्याच्या अभ्यासकांना ते टेनिसनच्या 'प्रिन्सेस'चे 'इंदिरा' हे रूपांतर करणारे कवी म्हणून माहीत असतील. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा दुसरा छंद, किंबहुना पहिलाच म्हणावा इतका गंभीर. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ची. तिच्या नियतकालिकात सुरुवातीच्या काळात सातत्याने लिहिणाऱ्या भारतीयांत कीर्तिकर ठळक होते. मुंबई भागातल्या विषारी वनस्पतींवर त्यांनी तिथे १८९०च्या दशकात सचित्र लेखमाला लिहिली. सिव्हिल सर्जनपुढे विषबाधेचे रोगी आणि मृतदेह दोन्ही येतात. पोटात गेलेले बी किंवा पान कोणत्या झाडाचे, हा त्यांच्यापुढे नुसता अभ्यासाचा प्रश्न नव्हता.

कीर्तिकरांचे मोठे काम म्हणजे मेजर बामनदास बसू यांच्याबरोबर केलेला 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स'. कीर्तिकर १९१७ साली वारले आणि ग्रंथ १९१८ साली अलाहाबादेहून प्रसिद्ध झाला. त्यात हजाराहून अधिक चित्रपृष्ठे आहेत. भारतीय लेखकांनी, भारतात छापून, औषधी वनस्पतींचे इतके मोठे सचित्र काम त्याआधी केलेले नव्हते. आणि त्यातली पुष्कळशी चित्रे जुन्या ग्रंथांवरून घेतलेली आहेत, वाइट यांच्यावरून, रॉक्सबर्ग यांच्यावरून, रीड यांच्यावरून.

याला दोष द्यावा का? मी देणार नाही. हजार वनस्पती हजार वेळा शोधून, फुलाच्या वेळी गाठून चित्र काढायचे तर रीडच्या मागे होती तशी कंपनीची सत्ता आणि पैसा लागतो. येथे दोन डॉक्टर होते, एक निवृत्त आणि एक मृत्यूच्या दारात. शिवाय घरोघरीच्या ओळखीच्या नावांमुळे होणारे घोटाळे त्यांना मिटवायचे होते. ब्राह्मी म्हटले की काही ठिकाणी मूत्रपिंडाच्या आकाराच्या, लांब देठाच्या पानांची मंडूकपर्णी देतात आणि काही ठिकाणी बारीक मांसल पानांची, पाणथळ जागी वाढणारी जलब्राह्मी देतात. दोन्ही वनस्पती वेगवेगळ्या कुळांतल्या. नावावरून हा वाद सुटत नाही, चित्रावर बोट ठेवले की एका क्षणात सुटतो. या कामासाठी चांगल्या चित्राची नक्कलही उपयोगी पडते.

पण नकलेत काय हरवते हेही समजून घ्यावे. मूळ चित्र मद्रासकडच्या एका झाडावरून काढले, त्याच्या पानाच्या कडा, लव, फुलांचा दाटपणा हे सगळे त्या झाडाचे. तेच चित्र ठाण्याच्या किंवा बंगालच्या वाचकापुढे आले की त्याला वाटते, आपल्याकडचे झाड असेच असले पाहिजे. मूळ चित्र कोणी, कुठल्या महिन्यात, कोणत्या गावी काढले हे नकलेबरोबर येत नाही. १९३०च्या दशकात या ग्रंथाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातले एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. काइअस हे दोन जेझुइट धर्मगुरू आणि डॉ. म्हसकर यांनी ती सिद्ध केली. त्यानंतरही ती पुन्हापुन्हा छापली गेली आणि औषधी वनस्पतींच्या कितीतरी पुस्तकांनी तिच्यातली चित्रे उचलली. एखाद्या बाजारू पुस्तकातले धूसर चित्र मागे मागे नेत गेलात तर वाटेत कीर्तिकर-बसू भेटतात, मग वाइट आणि त्यामागे रंगय्या किंवा गोविंदू. शेवटी जिच्याकडे पाहून ते काढले ती मद्रासकडची एक फांदी.

आज छायाचित्रे फुकट झाली असताना हे सगळे कशाला, असे कोणी विचारील. नवी जाती प्रसिद्ध करताना शास्त्रज्ञ अजूनही रेषाचित्र देतात. आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या जाती घ्या. सेरोपेजिया हे त्यांच्या प्रजातीचे नाव. फूल कंदिलासारखे, आत पोकळी, तिच्यात केस आणि तळाशी मुकुटासारखी एक नाजूक रचना. जाती ठरवताना ती रचना महत्त्वाची असते. फूल दाबून वाळवले की कंदील चपटा होतो, आणि छायाचित्र बाहेरूनच काढता येते. भिंगाखाली फूल उघडून, प्रमाण लिहून काढलेले चित्रच आतली गोष्ट सांगते. मात्र १ जानेवारी २००७ पासून नव्या जातीच्या नावाला नुसत्या चित्राचा आधार चालत नाही, जपून ठेवलेला नमुना लागतो. सूक्ष्म शैवाले आणि सूक्ष्म बुरशी यांना काही अडचणींत सूट आहे. रीडच्या काळातली चित्रे नियमापूर्वीची असल्याने त्यांचे स्थान कायम आहे.

शाळांचे सांगायचे तर जास्वंदाच्या फुलाचे उदाहरण पुरेसे आहे. नववी-दहावीच्या वह्यांत जास्वंदाच्या उभ्या छेदाचे चित्र असते. पाच पाकळ्या, मधून वर आलेली पुंकेसरांची नळी, तिच्या टोकाला कुक्षीच्या पाच गाठी. ज्या वह्या मी पाहिल्या त्यांत हे चित्र जवळपास एकसारखे होते, कारण ते पुस्तकावरून काढलेले होते. आता आपल्या इमारतींच्या आवारात पुष्कळदा दुहेरी पाकळ्यांचा जास्वंद असतो. त्यात काही पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि नळी नीट दिसत नाही. मुलाच्या हातात वीस पाकळ्यांचे फूल आणि वहीत पाच पाकळ्यांचे चित्र! त्याला काही खटकत नाही, हे मला फार खटकते. अशा वेळी दुहेरी फूलच काढायला सांगावे, मग साधा गावठी तांबडा जास्वंद आणून शेजारी काढायला सांगावा आणि मधल्या अवस्थेतली, अर्धी पाकळी अर्धा परागकोश अशी पुंकेसरे शोधायला लावावीत. ती सापडतात. चित्रकला चांगली नसलेली मुले यात अनेकदा पुढे जातात, असा काही शिक्षकांचा अनुभव मी ऐकला आहे.

वर्षभर चालणारे काम हवे असेल तर काटेसावर सोयीची. एका मुलाला किंवा गटाला एकच झाड आणि एकच मोठा कागद द्यावा. जानेवारी-फेब्रुवारीत फूल आणि त्याचा छेद, उन्हाळ्यात बोंड आणि कापसात गुंडाळलेले बी, पावसाळ्यात पंजासारखे पान, आणि केव्हाही खोडावरचा काटा. प्रत्येक भागाशेजारी तारीख, ठिकाण, मूळ मापाच्या किती पट काढले आहे ते आणि काढणाऱ्याचे नाव लिहावे. शेवळावर हे काम करायचे तर कंद एकच उकरावा आणि चित्र झाल्यावर परत पुरावा. हाताला खाज सुटू शकते म्हणून पिशवी किंवा हातमोजे वापरावेत. 'हॉर्टस मलबारिकस'चे खंड आता स्कॅन करून इंटरनेटवर मोफत ठेवलेले आहेत, आणि के. एस. मणिलाल यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २००३ साली केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहे. शेवळाच्या नात्यातला सुरण अकराव्या खंडात आहे.